बेने इस्रायलांचा उत्तररंग : यहुदी परंपरेची कलांमधील पुनर्घडण

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर अनेक शतके राहिलेल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने आपली धार्मिक ओळख कोणकोणत्या कलारूपांतून घडवली, आणि त्या समाजाचा मोठा भाग इस्रायलला निघून गेल्यावर चित्रकारांनी, कवींनी, कादंबरीकारांनी आणि गाणाऱ्या स्त्रियांनी ती ओळख नव्याने कशी मांडली, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. यहुदी परंपरेची समकालीन कलेतील पुनर्मांडणी हा विषय बहुधा न्यूयॉर्क, लंडन आणि तेल अवीव या शहरांच्या संदर्भात चर्चिला जातो. अलिबाग, पेण, पनवेल ही नावे त्या चर्चेत क्वचितच येतात आणि आली तरी एखाद्या दूरच्या, रंगीबेरंगी अपवादाची नोंद म्हणून येतात. वास्तविक एखादी श्रद्धापरंपरा परक्या भूमीत रुजताना तेथील कलारूपे कशी आत्मसात करते, काय स्वीकारते आणि कोठे थांबते, हे पाहायचे असेल तर बेने इस्रायलांइतके स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे. त्या उदाहरणाचा पुष्कळसा पुरावा मराठीत आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार मराठीत होणे अगत्याचे आहे.

बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची संतती, या समाजाच्या परंपरागत समजुतीप्रमाणे त्यांचे पूर्वज घेऊन येणारे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि मृतांचे दफन त्याच किनाऱ्यावर झाले. ही घटना केव्हा घडली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु पुढील काळात हा समाज कोकणातील गावोगाव पसरला, तेलाचे घाणे चालवू लागला आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवत असल्यामुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाऊ लागला, याविषयी दुमत नाही. पेणकर, दिवेकर, केहिमकर, आष्टमकर, नवगावकर, चेऊलकर ही आडनावे त्या विस्ताराची साक्ष देतात. धर्मग्रंथ, धर्मगुरू आणि हिब्रू भाषा यांचा आधार जवळजवळ तुटलेला असतानाही शब्बाथ, सुंता, खाद्यविषयक नियम आणि 'शेमा' ही एकेश्वरत्वाची घोषणा एवढा ऐवज या समाजाने सांभाळला. दावीद राहबी या व्यक्तीने त्यांना ओळखून हिब्रू विद्येचे शिक्षण दिले आणि काजी नेमले, अशी आठवण समाजात जपलेली आहे. अठराव्या शतकात कुटुंबे मुंबईकडे येऊ लागली, कंपनी सरकारच्या फौजेत शिरली, आणि सामाजी हसाजी दिवेकर तथा सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, उभारले. पुढे हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि १८९७ मध्ये समाजाचा सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो ग्रंथ मात्र त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, तो १९३७ मध्ये तेल अवीवला प्रसिद्ध झाला.

या समाजाच्या घरगुती धर्माचरणाकडे पाहिले की कलेच्या प्रश्नाचे मूळ दिसू लागते. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण अशा नावांनी यहुदी वर्षातील पर्वे कोकणच्या ऋतुचक्रात बसवली गेली. लग्नात मेंदी, हिरव्या बांगड्या आणि मंगळसूत्र आले, पण विवाहाचा बंध पक्का होई तो केतुबा या हिब्रू करारपत्राने. सर्वांत बोलका विधी मलिद्याचा आहे: भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, सुका मेवा आणि फळे यांचे ताट मांडून, हिब्रू प्रार्थना म्हणून, प्रेषित एलियाहू हन्नबी याचे स्मरण करायचे आणि नवस फेडल्याचे किंवा शुभकार्य पार पडल्याचे समाधान सर्वांनी वाटून घ्यायचे. जगातील इतर यहुदी समाजांतही एलियाहूला मोठे स्थान आहे, कारण बायबलमध्ये तो अग्निरथातून स्वर्गात जातो आणि मसीहाच्या आधी पुन्हा येणार असे मानले जाते. परंतु अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवणारी श्रद्धा फक्त या समाजाची आहे. मलिदा हे नाव दर्ग्यातील नैवेद्याशी जुळते, त्याचे साहित्य हिंदू घरातील प्रसादाशी जुळते, आणि प्रार्थना हिब्रू आहे. या तीन गोष्टींपैकी कोणती 'खरी' आणि कोणती 'उसनी' हा प्रश्न विधी करणाऱ्या कुटुंबांना पडत नाही. तो बाहेरून येणाऱ्या निरीक्षकांना पडतो, आणि त्याच निरीक्षकांच्या हाती पुढे या समाजाचे यहुदीपण तपासण्याचा अधिकार गेला, याचे परिणाम किती दूरवर पोहोचले ते यथावकाश येईलच.

यहुदी परंपरेत दृश्यकलेला स्थानच नाही, असा समज सर्वत्र आढळतो, आणि त्याला आधार दिला जातो तो दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेचा, जिच्यात पूजेसाठी कोरीव मूर्ती किंवा प्रतिमा करण्यास मनाई आहे. इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. आजच्या सीरियातील दुरा-युरोपोस येथील तिसऱ्या शतकातील सिनेगॉगच्या भिंती बायबलमधील प्रसंगांनी भरलेल्या आहेत; बेत अल्फा येथील सहाव्या शतकातील फरशीवर राशिचक्र आणि सूर्यरथ मोझेक पद्धतीने, म्हणजे रंगीत दगडांचे तुकडे बसवून, साकारलेले आहेत; आणि सारायेव्हो हग्गादा या नावाने प्रसिद्ध असलेली चौदाव्या शतकातील हस्तलिखित पोथी सोनेरी आणि निळ्या रंगांनी उजळलेली आहे. प्रतिमेची पूजा आणि प्रतिमेची निर्मिती यांतला भेद अनेक काळांतील यहुदी समाजांनी जाणला होता, आणि 'हिद्दूर मित्झवा', म्हणजे धर्माज्ञा पाळताना ती सुंदर रीतीने पाळावी, हे तत्त्व त्यांच्या कारागिरीमागे उभे होते.

या ग्रंथाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची संकल्पना मिद्राश ही आहे. तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, पुष्कळदा अत्यंत थोडक्यात बोलते. अब्राहम मुलाला बळी देण्यासाठी डोंगराकडे नेतो तेव्हा मुलाच्या आईला काय वाटले, याविषयी मूळ संहिता मौन पाळते. अशा मौनाच्या जागी थांबून प्रश्न विचारणे, दोन वचनांतील विसंगती पकडून तिच्यातून नवी कथा उभी करणे, एका शब्दाच्या आधारे अर्थाचे नवे पदर उलगडणे, या प्राचीन व्याख्यानपद्धतीला मिद्राश म्हणतात. मिद्राश संहितेला सोडत नाही आणि संहितेपाशी थांबतही नाही. मराठी वाचकाला याची कल्पना येणे सोपे आहे, कारण मूळ ग्रंथातील एका श्लोकापाशी थांबून शेकडो ओव्यांचा विस्तार करण्याची भाष्यपरंपरा त्याच्या साहित्याच्या मुळाशीच आहे. समकालीन यहुदी कलावंत, विशेषतः स्त्री कलावंत, आपल्या कामाला मिद्राश म्हणतात तेव्हा आपण परंपरा मोडत नसून तिच्याच एका जुन्या अधिकाराचा वापर करत आहोत, असा त्यांचा दावा असतो. तो दावा प्रत्येक वेळी मान्य करण्याचे कारण नाही, पण त्याचे वजन ओळखल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाही.

बेने इस्रायलांच्या बाबतीत हा व्याख्यानाचा अधिकार प्रथम छापखान्याच्या मार्गाने आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि अमेरिकन मिशन यांच्या शाळांतून या समाजाची मुले हिब्रू आणि मराठी वाचू लागली, मराठी बायबल त्यांच्या हाती आले, आणि मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा असला तरी प्रत्यक्षात घडले ते असे की एका यहुदी समाजाला आपल्याच धर्मग्रंथांकडे परतण्याची वाट मराठीतून मिळाली. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील हग्गादा शिळाछापावर निघाली. हग्गादा म्हणजे पेसाह या सणाच्या रात्री, सेदर नावाच्या क्रमबद्ध भोजनविधीत, इजिप्तमधील दास्यातून सुटकेची कथा वाचण्याची पोथी. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलेल्या दुसऱ्या हग्गादेत चित्रेही आली. ती बहुतांशी युरोपातील पोथ्यांवरून घेतलेली होती. परंतु मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, भाजणाऱ्या स्त्रिया दाखवताना चित्रकाराने त्यांना लुगडी नेसवून जमिनीवर बसवले. एका ब्राह्मणी आडनावाच्या मुद्रकाच्या छापखान्यात, पुण्यासारख्या शहरात, इजिप्तमधून सुटलेल्या इस्रायलींच्या आठवणीच्या पोथीत लुगड्यातल्या बायका भाकऱ्या भाजताना दिसाव्यात, ही यहुदी कलेच्या इतिहासातील मोलाची घटना आहे, आणि पुढे ज्यांचा विचार येणार आहे त्या समकालीन चित्रकर्ती सियोना बेंजामिन यांच्या चित्रांकडे जाणारी वाट तेथून स्पष्ट दिसते.

या सर्व प्रक्रियेचे सर्वांत परिपक्व रूप म्हणजे बेने इस्रायल कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्रायलांनी नारदीय कीर्तनाचा साचा घेऊन त्यात बायबलमधील चरित्रे बसवण्यास आरंभ केला. नारदीय कीर्तनाचे दोन भाग सुपरिचित आहेत: पूर्वरंगात एखादा अभंग किंवा पद घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण होते, आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला पुष्टी देणारे आख्यान रंगते. बेने इस्रायल कीर्तनकारांनी ही रचना, साकी, दिंडी, आर्या, ओवी यांसारखी वृत्ते, पदांच्या लोकप्रिय चाली, झांज आणि पेटीची साथ हे सारे स्वीकारले. फक्त नमन झाले ते एकाच निराकार ईश्वराला, आणि आख्याने आली ती अब्राहमाची, योसेफाची, मोशेची. ही कीर्तने पुस्तिकारूपानेही छापली गेली. ज्या पिढीला हिब्रू प्रार्थना म्हणता येत होत्या पण त्यांचा अर्थ लागत नव्हता, त्या पिढीला योसेफाला भावांनी विहिरीत टाकल्याचा प्रसंग आपल्या भाषेत आणि आपल्या चालींत ऐकायला मिळाला. हे धर्मशिक्षण होते, रात्रीची करमणूक होती, आणि आपणही या भूमीचे आहोत हे सांगण्याची एक पद्धत होती. त्याच काळात पुणे-मुंबईत संगीत नाटक भरात येत होते, सभा-समाज आणि वर्तमानपत्रे वाढत होती. त्या सर्व हालचालीत हा समाज बाजूला उभा राहून पाहत नव्हता.

कीर्तनातील स्वीकार जितका लक्षणीय, तितकीच त्यातील निवडही लक्षणीय आहे. कीर्तनाचे घर देऊळ, तेथे समोर मूर्ती, आणि शेवटी आरती. यातले काय टाळायचे आणि काय ठेवायचे याचा निर्णय कोणत्याही धर्मपीठाने दिलेला नव्हता, कारण असे धर्मपीठच या समाजाकडे नव्हते. तो निर्णय कारकून, शिक्षक, फौजेतील पेन्शनर अशा सामान्य गृहस्थांनी रचना करता करता घेतला. अमेरिकन संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी मराठी कीर्तनाचा आणि त्यातील बेने इस्रायल शाखेचा केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. मराठी वाङ्मयेतिहासाने मात्र, ख्रिस्ती मराठी काव्याला आणि मुसलमान मराठी संतांना जेवढी जागा दिली, तेवढीही या वाङ्मयाला दिलेली नाही. ही उणीव केवळ एका लहान समाजाच्या मानापमानाची नाही. कीर्तन हे रूप स्वतः किती लवचिक आहे, त्याचा गाभा देवतेत आहे की कथनाच्या रीतीत आहे, हा मराठी साहित्यविचाराचा प्रश्न या पुस्तिकांवाचून अर्धाच राहतो.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. पुढील दशकांत त्यांच्यातील बहुसंख्य लोक दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा ठिकाणी जाऊन वसले. भारतात छळ झाला म्हणून ते गेले नाहीत, आणि ही बाब ते स्वतः आजही आवर्जून सांगतात. तेथे गेल्यावर मात्र एक अनपेक्षित आघात झाला. १९६१-६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या पीठाने, म्हणजे तेथील सर्वोच्च धर्माधिकाऱ्यांनी, बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य यहुदी व्यक्तीशी विवाह नोंदवण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असा निर्देश काढला. शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या वंशजांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करा असे सांगण्यात आले. निदर्शने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि १९६४ मध्ये हे लोक सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे मान्य करून तो निर्देश मागे घेण्यात आला. या प्रकरणामुळे ओळख हा या समाजाच्या दृष्टीने केवळ सैद्धान्तिक विषय राहिला नाही. भारतात ती कोणी मागितली नव्हती, आणि जेथे ती आपोआप मिळेल असे वाटले होते तेथे तिचे पुरावे मागितले गेले. त्यानंतरच्या कलानिर्मितीत जो एक ताण आहे त्याचे कारण येथे शोधावे लागते.

भारतात राहिलेल्यांत निस्सीम एझिकेल (१९२४–२००४) यांचे नाव पहिल्याने येते. भारतीय इंग्रजी कवितेला आधुनिक वळण देणारे हे कवी मुंबईच्या बेने इस्रायल घरात वाढले. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत त्यांनी तेलाचे घाणे चालवणाऱ्या पूर्वजांपासून स्वतःपर्यंतचा प्रवास मांडला आणि अखेर हे शहर, हा देश आपला म्हणून स्वीकारला. १९८३ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार ज्या संग्रहासाठी मिळाला तो 'लॅटर-डे साम्स' म्हणजे बायबलमधील स्तोत्रांना दिलेले आधुनिक, शंकेखोर, तरीही आतून गुंतलेले उत्तर आहे. इंदिरा संत यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केला, हेही येथे नोंदवणे उचित आहे, कारण मराठीशी त्यांचे नाते केवळ घरगुती बोलीपुरते नव्हते. एझिकेल यांच्या लेखनात यहुदीपण सणासमारंभांच्या रूपाने क्वचित येते. ते येते नैतिक तपासणीच्या सवयीच्या रूपाने, स्वतःशी वाद घालण्याच्या रूपाने. परंपरेची पुनर्मांडणी म्हणजे तिच्या चिन्हांचा वापर, अशी जी सोपी समजूत रूढ होत आहे, तिच्यावर एझिकेल यांची कविता हे चांगले उत्तर आहे.

चिन्हांचा वापर उघडपणे आणि ताकदीने करणाऱ्या कलावंत म्हणजे सियोना बेंजामिन. १९६० मध्ये मुंबईत जन्मलेल्या, ख्रिस्ती आणि पारशी शाळांत शिकलेल्या आणि सर ज. जी. कलामहाविद्यालयातून पुढे अमेरिकेत गेलेल्या या चित्रकर्तीने तेथे चित्रकलेबरोबर नाट्यनेपथ्याचेही शिक्षण घेतले, आणि तिच्या चित्रांतील पडदे, कमानी, चौकटी यांत ते नेपथ्य दिसत राहते. तिची 'फाइंडिंग होम' ही दीर्घ चित्रमालिका कागदावर अपारदर्शक जलरंगांत आणि सोनेरी वर्खात केलेली आहे. मोगल आणि पहाडी लघुचित्रांची बारीक रेषा, बायझंटाइन धर्मचित्रांची सोनेरी पार्श्वभूमी, यहुदी हस्तलिखितांची अक्षरे आणि अमेरिकन पॉप आर्टमधील व्यंगचित्रपट्टीची भाषा ही सारी तिच्यात एकत्र येतात. चित्रांतील मुख्य आकृती बहुधा निळ्या कातडीची स्त्री असते. हा निळा रंग आकाशाचा आणि समुद्राचा, सगळीकडचा आणि कोठलाच नसलेला, असे चित्रकर्ती सांगते. पाश्चात्य यहुदी समाजात वावरणाऱ्या सावळ्या यहुदी स्त्रीचे वेगळेपण त्यातून व्यक्त होते. भारतीय डोळ्यांना त्यात कृष्ण आणि काली दिसल्यावाचून राहत नाहीत. त्याच वेळी तोरेने वस्त्राच्या गोंड्यात जो निळा धागा घालण्यास सांगितले आहे, तोही यहुदी प्रेक्षकाला आठवतो. दोन परंपरांच्या स्मृती एकाच रंगात जाग्या करणे, तेही दोहोंपैकी कोणाचीही फसवणूक न करता, हे या चित्रांचे खरे यश आहे.

'तिक्कुन हा-ओलाम' या चित्राचे उदाहरण घेता येईल. तिक्कुन ओलाम म्हणजे भंगलेल्या जगाची दुरुस्ती. सोळाव्या शतकातील यहुदी गूढवादात या कल्पनेला विश्वोत्पत्तीचा संदर्भ आला, आणि विसाव्या शतकात सामाजिक न्यायाचा. बेंजामिन यांच्या चित्रात अनेक हातांची निळी स्त्री उभी आहे, आणि तिच्या हातांच्या फाकण्यातून मेनोराचा, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिरातील सात शाखांच्या दीपस्तंभाचा, आकार तयार होतो. अनेक हातांची देवता पाहण्याची सवय असलेल्या समाजात वाढलेल्या यहुदी मुलीच्या मनात हा आकार कधीतरी उमटला असेल, आणि घरच्या शिकवणीने तो काढण्यास मनाईही केली असेल. ती मनाई येथे झिडकारलेली नाही, कारण ही स्त्री पूजेची मूर्ती नाही. ती एक कृती आहे, दिवा धरून उभी राहिलेली. पुणे हग्गादेतील भाकरी भाजणाऱ्या स्त्रियांशी तिचे नाते आहे ते याच बिंदूवर.

याच मालिकेतील बायबलमधील स्त्रियांची चित्रे मिद्राशाच्या अर्थाने अधिक धीट आहेत. मध्ययुगीन दंतकथेप्रमाणे आदामाची पहिली पत्नी असलेली आणि त्याच्या अधीन होण्यास नकार दिल्यामुळे राक्षसी ठरवली गेलेली लिलिथ येथे अन्याय सोसलेल्या स्त्रीच्या रूपात परत येते. सारा आणि हागार, म्हणजे अब्राहमाच्या घरातील धनीण आणि दासी, ज्यांच्या मुलांपासून यहुदी आणि अरब अशा दोन वंशरेषा निघाल्याचे मानले जाते, त्या एका चित्रात एकमेकींना मिठी मारतात. मूळ संहितेत ही मिठी नाही; तेथे हागारेला वाळवंटात घालवून दिले जाते. मिठीच्या या चित्राला भाबडेपणाचा दोष देता येईल, आणि आजच्या पश्चिम आशियाकडे पाहता तो देण्याचा मोह होतो. पण मिद्राशाचे काम घडलेले सांगणे एवढेच नसून संहितेने मोकळी ठेवलेली शक्यता दाखवणे हेही असते, आणि एका घरातून फुटलेल्या दोन मातांची शक्यता बेने इस्रायल स्त्रीला सुचावी यात नवल नाही, कारण तिच्या कोकणातील शेजारात मुसलमान घर परके नव्हते. २०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात परतून तिने भारतीय यहुदी लोकांची छायाचित्रे आणि आठवणी गोळा करून त्यांवर 'फेसेस' ही मालिका रचली, आणि ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवली गेली. तेथे बायबलमधील स्त्रियांच्या जागी शेजारीपाजारी आले, आणि तेही सोनेरी वर्खाच्या चौकटीत.

कादंबरीने हे काम स्वयंपाकघरातून केले. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड, ज्या मुळात शिल्पकार आणि कलासमीक्षक, यांच्या 'बुक ऑफ रेचल' या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागजवळच्या गावात एकटी राहणारी, मुले इस्रायलला गेलेली वृद्ध रेचल जुने सिनेगॉग विकले जाऊ नये म्हणून झगडते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती आहे. या पाककृती सजावटीसाठी नाहीत. जेथे प्रार्थनेसाठी लागणारे दहा प्रौढ पुरुष, म्हणजे मिन्यान, जमत नाहीत, तेथे धर्म स्त्रीच्या हातून चालू राहतो आणि तो पोह्यांत, नारळाच्या दुधात, माशाच्या कालवणात राहतो, असे ती रचनाच सांगते. शीला रोहेकर यांची 'मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा' ही हिंदी कादंबरी (२०१३) याच समाजाचे एकाकीपण अधिक कठोरपणे मांडते. चित्रपटसृष्टीत 'आलम आरा'चे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर आणि अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांची कामगिरी मोठी असली तरी त्यांच्या कामाचा विषय यहुदी ओळख हा नव्हता. म्हणून या ग्रंथात त्यांचा उल्लेख येतो, विवेचन येत नाही.

या कलावंतांना जगातील व्यापक प्रवाहाशी जोडून पाहणेही आवश्यक आहे. चित्रकार आर. बी. किताय यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट डायस्पोरिस्ट मॅनिफेस्टो' प्रसिद्ध करून विखुरलेपण हीच कलेची भूमी असू शकते असे प्रतिपादन केले. न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये १९९६ मध्ये 'टू ज्यूइश?' हे प्रदर्शन भरले, त्यात आपले यहुदीपण लपवण्याची सवय लागलेल्या पिढीनंतरच्या कलावंतांनी ते उघड्यावर आणले; हेलेन आयलॉन यांनी तोरेच्या प्रती पारदर्शक कागदाने झाकून, ज्या वचनांत स्त्रियांविषयी किंवा परक्यांविषयी कठोरपणा आहे तेथे गुलाबी खुणा केल्या, संहितेला स्पर्शही न करता. या कलावंतांच्या पुढे एक बलाढ्य, धनवान, संस्थांनी भरलेला समाज होता आणि त्याच्याशी त्यांचे भांडण होते. बेने इस्रायल कलावंतांसमोर भांडायला तसा समाज शिल्लक नाही. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा भारतात सर्व यहुदी मिळून काही हजारच उरले होते.

म्हणून एक शंका स्पष्टपणे मांडली पाहिजे. १८८० मध्ये कीर्तन रचणारा गृहस्थ आपल्या समाजासाठी रचत होता. श्रोत्यांना चाल आवडली नाही तर ती टाकली जात होती, आवडली तर पुढच्या वर्षी पुन्हा गायली जात होती. आजचे चित्र अमेरिकेतील कलादालनात लागते, आजची कादंबरी इंग्रजीत छापली जाते, आणि तिचा वाचक बहुधा बेने इस्रायल नसतो, मराठीही नसतो. अशा वाचकासाठी लिहिताना समाज स्वतःलाच प्रेक्षणीय वस्तू म्हणून पाहू लागण्याचा धोका असतो, आणि मलिद्याचे ताट पाककृतीच्या पुस्तकातील सुंदर छायाचित्र होऊन राहू शकते. हा धोका ओळखूनही येथे जो निष्कर्ष काढला आहे तो या कलाकृतींच्या बाजूचा आहे, कारण त्यांतील उत्तम कृती स्मरणरंजनात थांबत नाहीत. त्या परंपरेशी वाद घालतात, आणि वाद घालता येतो तो जिवंत परंपरेशीच.

इस्रायलमध्ये या प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळते, आणि ते कलादालनांपासून दूर आहे. तेथे गेलेल्या बेने इस्रायलांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढले, नोहा मस्सील यांच्यासारख्यांनी मराठीत कविता लिहिल्या, आणि वयस्क स्त्रियांच्या मंडळांनी मराठी यहुदी गीते आणि कीर्तनातील पदे गाणे चालू ठेवले. पूर्वी कीर्तन मुख्यतः पुरुषांचे होते. आज ते टिकले आहे ते बायकांच्या कंठात, आणि त्यांच्यातील अनेकींनी जुन्या पदांच्या जोडीला नवी पदे रचली आहेत. त्यांच्या नातवंडांची भाषा हिब्रू आहे. मलिदा इस्रायलमध्येही होतो आणि तेथे तो अधिक उत्साहाने होतो, कारण भारतात जो विधी सर्वांच्या विधींसारखा होता तो तेथे या समाजाचे स्वतःचे वेगळेपण झाला आहे. मराठी पदांचे तसे होईल असे खात्रीने म्हणता येत नाही. चित्र संग्रहात जपता येते आणि कादंबरी पुन्हा छापता येते, पण साकी-दिंडीची चाल गाणाऱ्याकडून गाणाऱ्याकडे जावी लागते. छापील पुस्तिकांत शब्द आहेत, पदांवर 'अमुक पदाच्या चालीवर' अशा सूचना आहेत, आणि ती मूळ पदे ज्या नाटकांतील होती त्यांतील कित्येक आता मराठी माणसालाही ठाऊक नाहीत. त्या चाली कोणत्या होत्या हे सांगू शकतील असे गायक-अभ्यासक महाराष्ट्रात आहेत, त्या पुस्तिका वाचून शब्दांचा धर्मसंदर्भ सांगू शकतील असे वृद्ध दिमोनात आणि ठाण्यात आहेत, आणि या दोघांना एकत्र बसवणारे काम मराठी विद्यापीठांनी आणि संगीतसंस्थांनी हाती घेण्यास अजून वेळ आहे, फार नसला तरी.